उसने शब्द आणि खरी साक्ष

पवित्र कुरआनच्या सूरह रूममध्ये (आयत २२) आकाश व पृथ्वी यांच्या निर्मितीबरोबरच माणसांच्या भाषांचे आणि वर्णांचे वेगळेपण हीदेखील अल्लाहची निशाणी असल्याचे सांगितले आहे. जी गोष्ट निशाणी आहे, ती शिकण्यात संकोच कसला? हजरत ज़ैद बिन साबित (रजि.) यांचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मदीनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांना यहुदी लोकांशी पत्रव्यवहार करावा लागे. प्रेषितांनी (स.) तरुण ज़ैद यांना त्यांची लिपी शिकून घेण्यास सांगितले आणि त्यांनी ती पंधरवड्यात आत्मसात केली, असे तिर्मिज़ीच्या हदीससंग्रहात आले आहे. दुसऱ्याकडून पत्र वाचून घेता आले असते. पण ज्याच्या भरवशावर व्यवहार चालायचा, त्याला स्वतःला ती भाषा यावी, अशी अपेक्षा त्या आज्ञेमागे होती.

हा प्रसंग मी जुम्याच्या बयानात अनेकदा सांगितला आहे. परंतु त्यातील ‘स्वतःला’ या शब्दाचे वजन मला गेल्या वर्षी प्रथम जाणवले. त्याला कारण झाली आमच्या नागभीडमधील एक मुलगी, तिची इंग्रजीची परीक्षा आणि माझ्या हातून घडलेली एक चूक.

ती लहानपणी माझ्याच मकतबात नाज़िरा शिकली. वडील आसपासच्या आठवडी बाजारांत बांगड्यांचे दुकान लावतात. मुलीने नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केला, ब्रह्मपुरीच्या एका दवाखान्यात नोकरी धरली आणि ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून जाण्याचे मनात घेतले. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिचे नाव आयईएलटीएस, लोक ‘आयेल्ट्स’ म्हणतात. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग असतात आणि शून्य ते नऊ अशी श्रेणी मिळते. ब्रिटनच्या परिचारिका नोंदणी परिषदेला वाचन, श्रवण व संभाषण यांत किमान ७ आणि लेखनात किमान ६.५ श्रेणी लागते. एकदा परीक्षा द्यायची म्हणजे पंधरा हजारांहून अधिक रुपये, शिवाय नागपूरपर्यंतचा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास. बांगड्या विकणाऱ्या घराला हा खर्च लहान नाही.

एके दिवशी असरनंतर तिचे वडील मशिदीत थांबले. त्यांच्या हातात एक छापील पुस्तिका होती. कोणीतरी त्यांना ती नागपूरहून आणून दिली होती. तीत संभाषणाच्या परीक्षेत येऊ शकणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरे होती. ते म्हणाले, “मौलाना, तुम्ही पोरांचा सबक ऐकता, तसाच हिचाही ऐकाल का? पाठ झालं की काम झालं, असं म्हणतात.”

मी हो म्हटले. माझे इंग्रजी पदवीपुरते आहे, पण पाठांतर ऐकणे हे माझे रोजचेच काम. सुटीच्या दिवशी ती आईसोबत आमच्या घरी येई. मी आणि माझी पत्नी पुस्तिका उघडून बसत असू. दोन आठवड्यांत तिने बारा उत्तरे तोंडपाठ केली. कुठे अडखळणे नाही, कुठे ‘लुक़मा’ देण्याची वेळ नाही. हिफ़्ज़च्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याचे वाटावे तसे मला तिचे कौतुक वाटले.

माझ्या शेजारी एक निवृत्त इंग्रजी शिक्षक राहतात. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. परीक्षेचा सराव म्हणून मी तिला त्यांच्यापुढे बसवले. गुरुजींनी विचारले, “तुला आदर वाटतो अशा एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीविषयी सांग.” तिने सुरुवात केली. तिची आजी समुद्राकाठी राहते, रोज सकाळी किनाऱ्यावर फिरायला जाते आणि रविवारी सर्वांसाठी केक करते, असे ते उत्तर होते. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि इंग्रजीतच विचारले, “कुठला समुद्र?” मुलगी गप्प झाली. तिची खरी आजी घोडाझरी तलावापलीकडे कधी गेलेली नाही, हे आम्हा सर्वांना माहीत होते. गुरुजींनी पुन्हा विचारले, “बरं, केक कसा करते ते सांग.” त्यालाही उत्तर नव्हते, कारण पुस्तिका तिथेच संपली होती.

घरी परतताना तिने मला विचारलेला प्रश्न या लेखाचा विषय आहे. “मौलाना, मी खोटं बोलले का? म्हणजे, परीक्षेत असं बोललं तर गुनाह लागतो का?”

मी तेव्हा लगेच उत्तर दिले नाही. विचार करताना माझ्या लक्षात आले की तिच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. समुद्राकाठची आजी खोटी आहे, हा एक. आणि त्या आजीविषयीची वाक्ये तिची नाहीत, हा दुसरा. ऐकणाऱ्याला पहिले खोटे मोठे वाटते. माझ्या मते खरे खोटे दुसऱ्यात आहे.

पहिला प्रश्न आधी घेऊ. असत्याविषयी इस्लामची शिकवण अतिशय कडक आहे. हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने काहीतरी देते असे सांगून त्यांना जवळ बोलावले. प्रेषित (स.) घरात बसले होते. त्यांनी विचारले की तू त्याला काय देणार होतीस? खजूर, असे आईने सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) बजावले की काहीच दिले नसतेस, तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते. अबू दाऊदच्या संग्रहातील ही हदीस वाचली की मनात धास्ती उभी राहते. लहान मुलाला दिलेली थाप जर हिशेबात धरली जात असेल, तर परीक्षकाला सांगितलेली बनावट आजी का धरली जाऊ नये?

मात्र या हदीसकडे नीट पाहिले पाहिजे. ते मूल आईच्या शब्दावर विसंबून चालत आले होते. विसंबणाऱ्याचा विश्वास मोडणे, हे त्या असत्याचे मर्म आहे. आता दुसरी बाजू पाहा. मदरशात ज्याने अरबी व्याकरणाचा पहिला धडा घेतला, त्याने ‘ज़ैदने अम्रला मारले’ हे वाक्य हजार वेळा म्हटलेले असते. शतकानुशतके बिचारा अम्र मार खातो आहे. त्यावरून कोणी ज़ैदवर फिर्याद केली नाही आणि कोणत्याही उस्तादाला खोटारडे ठरवले नाही. वाक्य कर्ता, कर्म आणि क्रियापद दाखवण्यासाठी आहे, हे सांगणारा व ऐकणारा दोघांनाही ठाऊक असते. पुढच्या वर्गात आम्ही बसऱ्याच्या हरीरींचा ‘मक़ामात’ हा ग्रंथ शिकतो. हरीरींचे निधन इसवी सन ११२२ मध्ये झाले. त्यांच्या पन्नास कथांमधील अबू ज़ैद सरूजी हा भटका वक्ता कल्पित आहे आणि त्याच्या कथा सांगणारा हारिस बिन हम्मामही कल्पित आहे. या रचनेवर आक्षेप येईल हे जाणून हरीरींनी प्रस्तावनेतच उत्तर दिले होते की पशुपक्ष्यांच्या बोधकथा ऐकण्यास कोणी नकार देत नाही, मग या कथांनाच दोष का द्यावा? आमच्या मदरशांतून हा ग्रंथ भाषा शिकण्यासाठीच नेमला जातो.

आयईएलटीएसच्या संभाषणाची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. परीक्षक चार गोष्टी तपासतो: बोलण्यातील ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. आजी खरोखर कुठे राहते, याला गुण नाहीत. परीक्षक त्या माहितीवर विसंबत नाही आणि तिच्या आधारे कोणताही निर्णय घेत नाही. म्हणून उमेदवाराने स्वतःच्या शब्दांत एखादा प्रसंग रचून सांगितला, तर तो ज़ैद आणि अम्रच्या जातीचा आहे. त्याला मी पाप म्हणणार नाही. तरीही खरे सांगणे अधिक चांगले, असे मी म्हणेन. ज्या जिभेला सत्याची सवय लावायची, तिला विनाकारण दुसरे वळण का द्यावे?

आता दुसरा प्रश्न. परीक्षक आजीवर विसंबत नाही, मग तो कशावर विसंबतो? या उमेदवाराच्या तोंडून निघणारी भाषा या उमेदवाराची आहे, यावर. परीक्षेचा सगळा डोलारा या एका गृहीतावर उभा आहे. परीक्षेनंतर जो कागद मिळतो, त्यावर लिहिलेले असते की अमुक व्यक्ती अमुक पातळीचे इंग्रजी ऐकू, वाचू, लिहू आणि बोलू शकते. ही साक्ष आहे. संस्था ती देते, पण उमेदवाराच्या शब्दाखातर देते. वाक्ये दुसऱ्याची असतील, तर साक्ष खोटी ठरते आणि ती खोटी करणारा उमेदवारच असतो.

खोट्या साक्षीविषयी बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू बकरा (रजि.) यांची हदीस आहे. महापापे सांगताना प्रेषित (स.) टेकून बसले होते. खोट्या साक्षीचा उल्लेख येताच ते सरळ बसले आणि तो त्यांनी पुन्हा पुन्हा इतक्या वेळा सांगितला की आता त्यांनी थांबावे, असे सहाबांना वाटू लागले. आणखी एक हदीस याहून नेमकी आहे. एका स्त्रीने विचारले की पतीने जे दिलेले नाही, ते दिल्याचे मी सवतीसमोर दाखवले तर चालेल का? प्रेषितांनी (स.) उत्तर दिले की जे मिळालेले नाही त्याचा थाट मिरवणारा माणूस असत्याची दोन वस्त्रे नेसलेल्या माणसासारखा आहे. सूरह आले इमरानमध्येही (आयत १८८) जे कार्य आपण केले नाही त्याची प्रशंसा व्हावी असे वाटणाऱ्यांना कठोर इशारा दिला आहे. पाठ केलेल्या उत्तरावर मिळवलेली श्रेणी हे तसलेच न विणलेले वस्त्र नव्हे काय?

इथे माझ्यातला हाफ़िज़ अस्वस्थ झाला. पाठांतर तर आमच्या परंपरेचा प्राण आहे. सहा हजारांहून अधिक आयती जो मुखोद्गत करतो, त्याचा आपण सन्मान करतो. मग तिने बारा उत्तरे पाठ केली, तर ते वाईट कसे? या शंकेचे उत्तर मला हिफ़्ज़च्या वर्गातच सापडले. हाफ़िज़ जे म्हणतो ते आपले म्हणून म्हणत नाही. ते अल्लाहचे वचन आहे, असे तो ओरडून सांगतो. त्यात एका मात्रेचाही फरक त्याला मान्य नसतो, कारण ते दुसऱ्याचे आहे आणि त्याच्याकडे अमानत म्हणून आलेले आहे. पुस्तिका पाठ करणाऱ्याला मात्र शब्दांचा मूळ धनी लपवावा लागतो. पहिल्या पाठांतरात अमानत सांभाळली जाते, दुसऱ्यात तिची चोरी होते. दोन आठवडे मी हा फरक न ओळखता सबक ऐकत बसलो होतो, ही माझी चूक.

कोणी म्हणेल, एवढी बारकाई कशाला? एका परीक्षेने कोणाचे काय बिघडते? त्यासाठी त्या कागदाच्या पुढच्या टोकाला कोण आहे ते पाहावे लागेल. तिथे एक रुग्ण झोपला आहे. रात्री दोन वाजता डॉक्टर दूरध्वनीवरून औषधाची मात्रा सांगतो. इंग्रजीतील पंधरा आणि पन्नास यांच्या उच्चारांत किती थोडे अंतर आहे, हे आपण सर्व जाणतो. एखादी वृद्धा छातीत दुखण्याचे वर्णन तिच्या गावाकडच्या बोलीत करते. पुस्तिकेतील समुद्राकाठची आजी तिथे कामाला येत नाही. परिषदेने ७ श्रेणीची अट घातली ती या रुग्णासाठी. त्याने आमच्या मुलीला कधी पाहिलेले नाही, तरी तो तिच्या कागदावर विसंबून डोळे मिटून पडला आहे. खजुराच्या आशेने चालत आलेले ते मूल मला इथे पुन्हा दिसते.

यावर तिच्या वडिलांनी जे म्हटले, ते टाळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. ते म्हणाले, “मौलाना, ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांची मुलं पहिलीपासून इंग्रजी शाळेत जातात. माझी मुलगी मराठी शाळेत शिकली. आता त्यांच्याच मापानं हिला मोजणार. हा इन्साफ आहे का? आणि सगळेच पाठ करून जातात.”

त्यांच्या बोलण्यातील पहिला भाग खरा आहे. माप एक असले तरी मोजली जाणारी माणसे एकाच रेषेवरून निघालेली नसतात. नागभीडच्या मुलीला जे इंग्रजी तेविसाव्या वर्षी कष्टाने मिळवावे लागते, ते मुंबईच्या मुलीला घरात मिळते. परीक्षेचे शुल्क दोघींना सारखेच, पण ते दोघींच्या घरांना सारखे जड नाही. ही विषमता आहे आणि तिच्याविरुद्ध बोलले पाहिजे, चांगल्या शाळा मागितल्या पाहिजेत, शुल्कासाठी जमाअतीने हातभार लावला पाहिजे. पण फ़िक़हमधील एक नियम प्रसिद्ध आहे की एक अपाय दुसऱ्या अपायाने दूर करता येत नाही. विषमता ज्यांनी निर्माण केली, त्यांना आपल्या लबाडीची झळ पोहोचत नाही. ती पोहोचते त्या रुग्णाला.

ती आणखी कोणाला पोहोचते, हे ब्रिटनमध्येच दिसले. तिथे २०१४ साली एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने दाखवून दिले की इंग्रजीच्या एका परीक्षेत, टोइकमध्ये, काही केंद्रांवर उमेदवारांच्या जागी दुसरीच माणसे बसवली जात होती. सरकारने हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. त्यांत भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातील विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. आपण प्रामाणिकपणे परीक्षा दिली होती, असे त्यांतील अनेकांचे म्हणणे होते. त्यांपैकी कित्येकांना नाव निष्कलंक करण्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले. ‘सगळेच करतात’ असे म्हणून आपण गैरमार्गाला सूट देतो, तेव्हा खऱ्या मेहनतीच्या कागदाचीही किंमत उतरते. मराठी शाळेतून आलेल्या पुढच्या मुलीकडे परीक्षक आधीच संशयाने पाहतो.

‘गरज असेल तर निषिद्धही वैध होते’ हा नियमही काही जण पुढे करतात. उलेमांनी त्या नियमाला कुंपण घातले आहे. गरज म्हणजे जीव वा धर्म धोक्यात येण्यासारखी निकड. शिवाय ती जेवढी, सवलत तेवढीच. परदेशी जाऊन घराची स्थिती सुधारणे ही चांगली इच्छा आहे. पण ब्रह्मपुरीत नोकरी करणाऱ्या मुलीला ती ‘निकड’ म्हणता येणार नाही.

मग मदत कोणती करायची? मदत करणे तर आज्ञाच आहे. सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत सत्कर्मात व ईशपरायणतेत एकमेकांना साहाय्य करण्यास आणि पाप व अतिक्रमणात साहाय्य न करण्यास सांगितले आहे. सूरह निसाची ८५वी आयत सांगते की भल्या गोष्टीची शिफारस करणाऱ्याला तिच्यातील वाटा मिळतो आणि वाईट गोष्टीची शिफारस करणाऱ्याला तिच्या ओझ्यातील. म्हणजे सबक ऐकणारा मीही बाजूला उभा नव्हतो. प्रेषितांनी (स.) एकदा सांगितले की आपल्या भावाला मदत करा, तो अत्याचारपीडित असो वा अत्याचारी. सहाबांनी विचारले की अत्याचारी असेल तर मदत कशी करायची? उत्तर मिळाले की त्याचा हात धरून त्याला अत्याचारापासून रोखणे, हीच त्याची मदत.

हा हात कसा धरायचा, ते मला गुरुजींनी शिकवले. ते तिच्या निबंधातील चुकीखाली पेन्सिलीने रेघ ओढत, पण चूक दुरुस्त करून देत नसत. ती दुरुस्ती तिने शोधून आणायची आणि तोच परिच्छेद पुन्हा लिहायचा. लेखनाच्या परीक्षेत एका तासात दोन लेख लागतात, एक किमान दीडशे शब्दांचा आणि दुसरा किमान अडीचशे शब्दांचा. दुसऱ्यात एखाद्या मुद्द्यावर मत मांडायचे असते. इथे माझे मराठी आणि मदरशातील वादविवादाचे शिक्षण उपयोगी पडले. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांड, मग आपले मत, मग त्याचे कारण, मग उदाहरण, हे मी तिला मराठीतून समजावत असे. इंग्रजी ती स्वतः करी. संभाषणात एका विषयावर विचार करायला एक मिनिट मिळते आणि मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचे असते. ते आम्ही घड्याळ लावून रोज करून घेत असू. जुन्या प्रश्नपत्रिकांचा सराव हा उघड आणि वैध मार्ग आहे. मात्र फुटलेले प्रश्न मिळवणे किंवा आपल्या जागी दुसऱ्याला बसवणे या मार्गांवर पाऊल ठेवता येत नाही. मी स्वतःसाठी कसोटी अशी ठरवली: मदत करणारा उठून गेल्यावर जे शिकणाऱ्यापाशी उरते, ती मदत. जे मदत करणाऱ्याबरोबर निघून जाते, ती फसवणूक.

या कसोटीचा एक पुढचा भागही आहे. परीक्षेनंतर नोकरीचा अर्ज लिहावा लागतो. तिथे तिने मला विचारले की गुरुजींकडून अर्जाची भाषा दुरुस्त करून घेतली तर चालेल का? मी म्हटले, चालेल. अर्ज वाचणारा तिच्या भाषेची परीक्षा घेत नाही, भाषेची साक्ष वेगळ्या कागदावर आहे. पण अर्जात ‘दोन वर्षांचा अनुभव’ असे लिहायचे, तर तो दोन वर्षांचाच हवा. तेवीस महिने असतील तर तेवीस महिने लिहावे. परीक्षेत कथा कल्पित चालेल, भाषा उसनी चालणार नाही. अर्जात भाषा दुरुस्त केलेली चालेल, माहिती कल्पित चालणार नाही. समोरचा माणूस ज्या गोष्टीवर विसंबतो, तिथे सत्याची मर्यादा ओलांडता येत नाही. हे एक सूत्र हाती असेल तर जात प्रमाणपत्रापासून अनुभवाच्या दाखल्यापर्यंत कितीतरी कोडी सुटतील. सह्या आणि शिक्के आपल्यापैकी अनेकांच्या हाती असतात. माझ्याही हाती आहेत.

घाईच्या या काळात आमच्याच तालुक्यातील एका माणसाची आठवण येते. नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे केवळ तिसरी शिकलेले होते. १९८३ साली त्यांना आपल्या धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, त्यांतून पुन्हा निवडल्या. वर्षामागून वर्षे हे चालले आणि त्यातून तो बारीक तांदूळ तयार झाला, ज्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले. २०१० साली फोर्ब्स नियतकालिकाने त्यांची दखल घेतली. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. या वाणाचे श्रेय आणि मोबदला आपल्याला मिळाला नाही, ही खंत ते अखेरपर्यंत बोलून दाखवत. आपल्या भागातील लोकांना ती खंत कळते, कारण एकाचे श्रम दुसऱ्याच्या नावावर जाणे हा अन्याय आहे, हे सांगण्यासाठी कोणत्याही ग्रंथाची गरज लागत नाही. पुस्तिका लिहिणाऱ्याचे शब्द आपल्या नावावर खपवणे हा त्याच अन्यायाचा छोटा भाऊ आहे. आणि बियाणे काय, भाषा काय, एका हंगामात निवडून होत नाही.

त्या मुलीने पुस्तिका बाजूला ठेवली. पुढच्या वेळी गुरुजींनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा तिने आपल्या खऱ्या आजीविषयी सांगितले. रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून परे लावणारी आजी, संध्याकाळी न उघडणारी तिची बोटे आणि तरीही न चुकणारी मग़रिबची नमाज़. वाक्ये लहान होती. दोन ठिकाणी काळ चुकला. ‘रोवणी’ला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला आठवले नाही, म्हणून तिने धानाची रोपे एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावतात, असे समजावून सांगितले. गुरुजींनी चार प्रश्न विचारले आणि चारही उत्तरे आली. जे आपण जगलो आहोत, त्याविषयी विचारले तर उत्तर संपत नाही.

ही कथा मी इथेच थांबवली असती तर वाचकांना बरे वाटले असते, पण ते संपूर्ण सत्य ठरले नसते. तिने नागपूरला परीक्षा दिली. वाचन, श्रवण आणि लेखन यांत तिने अट पूर्ण केली. संभाषणात ६.५ श्रेणी मिळाली, अर्ध्या श्रेणीने ती हुकली. तिचे वडील निकालाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “ती बारा उत्तरं म्हटली असती तर?”

पाठ केलेले बोलणे ओळखण्याचे प्रशिक्षण परीक्षकांना दिलेले असते, असे मी सांगू शकलो असतो. ते खरेही आहे. पण ते उत्तर मी दिले नाही, कारण त्यातून असा अर्थ निघाला असता की लबाडी पकडली जाते म्हणून करू नये. मी म्हटले, “चाचा, कदाचित अर्धी श्रेणी जास्त मिळालीही असती. पण या कागदावर जे आहे ते सगळं हिचं आहे. हा कागद हिच्याविरुद्ध कधीच बोलणार नाही, इथंही नाही आणि आखिरतमध्येही नाही.” ते काही वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग मुलीला म्हणाले, “पुढची तारीख कधीची आहे ते बघ.”

त्या रात्री जमाअतीतील तीन-चार घरांनी मिळून पुढच्या शुल्काची तजवीज केली. मुलगी अजून ब्रह्मपुरीतच काम करते. सुटीच्या दिवशी गुरुजींच्या ओसरीवर घड्याळ लावून बोलण्याचा सराव पुन्हा सुरू झाला आहे. आता मकतबातील मोठ्या मुलीही येऊन बसतात आणि ऐकतात.

प्रिय वाचकहो, आपल्या घरात कोणी परीक्षेची तयारी करीत असेल, तर त्याला अवश्य मदत करा. वेळ द्या, पैसा द्या, त्याचे बोलणे ऐका, चूक दाखवा. पण त्याच्या तोंडात आपले शब्द घालून त्याला साक्षीला उभे करू नका.

अल्लाह आपल्या मुलामुलींना उपयुक्त ज्ञान देवो, आपल्या जिभांना आणि कागदांना सत्यनिष्ठ ठेवो आणि आपण केलेल्या मदतीचे ओझे न होता तिचे पुण्य आपल्या वाट्याला येवो. आमीन.